हिशेबाचं मत की मनाचं मत? कॅनडातल्या मतदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०२५ ची निवडणूक होऊन गेली तरी हे प्रश्न काही थांबलेले नाहीत. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतं, कुणी गणपतीच्या आरतीनंतर पार्किंगमध्ये गाठतं. तेच तेच उत्तर वीसदा टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. मी कुठल्याही पक्षाचं काम करत नाही. मतं मात्र मला आहेत, आणि ती खाली लपलेली नाहीत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, साधे आधी आणि किचकट नंतर.

१. हे 'स्ट्रॅटेजिक व्होटिंग' म्हणजे नेमकं काय? सगळेच विचार करून मत देतात ना?

विचार सगळेच करतात, पण इथे मुद्दा वेगळा आहे. तुम्हाला सगळ्यात जास्त पटणारा उमेदवार निवडून येणार नाही असं दिसतंय. जो अजिबात नको आहे तो मात्र येऊ शकतो. अशा वेळी त्याला पाडण्याची ताकद ज्याच्यात आहे, त्या तिसऱ्याच माणसाला तुम्ही मत देता. तो तुमची दुसरी पसंती असतो, कधी कधी तर फक्त 'कमी वाईट' असतो. हे हिशेबाचं मत. निकाल काहीही लागो, जो पटतो त्यालाच दिलेलं मत ते मनाचं.

आपल्याकडच्या लोकांना हे समजावायला मी नांदेड सांगतो. २०१९ च्या लोकसभेला अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मतं पडली. त्यानंतर 'मतं खाल्ली' विरुद्ध 'आमची मतं तुमची कधी होती?' हा वाद महाराष्ट्रात किती रंगला, आठवत असेल. कॅनडात तोच वाद दर निवडणुकीला होतो, फक्त आवाज जरा खाली असतो.

२. हा पेच मुळात का पडतो?

कारण पद्धत आपल्यासारखीच आहे. मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो खासदार, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. (इकडे मतदारसंघाला 'रायडिंग' म्हणतात. मीही पुढे तोच शब्द वापरतो.) दुसऱ्या फेरीचं मतदान नाही, पसंतीक्रमही नाही.

त्यामुळे देशभरची मतं आणि जागा यांचं गणित जुळत नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही निवडणुकांत उजवीकडच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मध्यममार्गी लिबरलपेक्षा जास्त मतं होती. २०२१ ला ३३.७ टक्के विरुद्ध ३२.६ टक्के. तरी जागा मिळाल्या ११९ विरुद्ध १६०. अल्बर्टात, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हच्या बालेकिल्ल्यात, एखादी जागा ५० हजारांनी जिंकली काय आणि पाचने जिंकली काय, खासदार एकच.

३. मला कार्नी हवेत, किंवा पॉलिएव्ह हवेत. त्यांनाच मत देतो ना मी?

नाही. लिबरलचे मार्क कार्नी काय आणि कॉन्झर्व्हेटिव्हचे पियेर पॉलिएव्ह काय, हे पक्षनेते त्यांच्या स्वतःच्या रायडिंगमध्ये उभे असतात. तुमच्या हातात येणाऱ्या कागदावर फक्त तुमच्याकडचे उमेदवार असतात. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे नावं, खाली बारीक अक्षरात पक्ष आणि शेजारी एक गोल. चिन्ह नसतं. आयुष्यभर कमळ, हात, घड्याळ, धनुष्यबाण बघत आलेल्या माणसाचे पहिल्या वेळी दोन-चार सेकंद जातातच. म्हणून घरून निघताना उमेदवाराचं नाव पाठ करून जा.

नेता स्वतःसुद्धा पडू शकतो. २०२५ मध्ये पियेर पॉलिएव्ह ओटावाजवळच्या कार्लटनमध्ये चार हजारांहून अधिक मतांनी पडले. तिथे मतदानपद्धतीचा निषेध म्हणून मुद्दाम उमेदवारांची रांग लावली होती, एकूण ९१ नावं. मतपत्रिका जवळजवळ एक मीटर लांब झाली. डावीकडच्या एनडीपीचे (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) नेते जगमीत सिंगही त्याच रात्री आपल्या जागेवर तिसरे आले.

४. माझं पीआर आहे. मी मत देऊ शकतो का?

नाही. मत फक्त १८ वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना), वर्क परमिट, स्टुडंट व्हिसा यांपैकी कशावरही मत मिळत नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं सुटतं, त्यामुळे ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) तिकडेही मत नाही. म्हणजे दोन्हीकडे मत, असं कुणालाच नाही.

५. माझ्या रायडिंगमध्ये खरी लढत कुणात आहे, हे कसं ओळखू?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. लोक थेट 'कुणाला देऊ?' वर येतात.

आधी इलेक्शन्स कॅनडाच्या (इथला निवडणूक आयोग) संकेतस्थळावर आपला पोस्टल कोड टाका आणि रायडिंगचं नाव नक्की करा. २०२५ ला हद्दी बदलल्या आणि जागा ३३८ वरून ३४३ झाल्या. 'आम्ही मिल्टनचे' म्हणणारे निम्मे लोक आता मिल्टनमध्ये नाहीत तर शेजारच्या रायडिंगमध्ये आहेत, याचा अनुभव मी स्वतः घेतलाय. मग मागच्या दोन निवडणुकांचे निकाल काढा. हद्द बदललेली असेल तर जुनी मतं नव्या हद्दीत मांडून दाखवलेले आकडे मिळतात, ते बघा. पहिला कोण, दुसरा कोण आणि दोघांत अंतर किती. पाच टक्क्यांच्या आत असेल तर लढत चुरशीची. वीस टक्के असेल तर तुम्ही हिशेब न केलेलाच बरा (प्रश्न १० पाहा).

त्यानंतर ३३८ कॅनडासारखी अंदाज देणारी संकेतस्थळं बघायला हरकत नाही. पण त्यावर तुमच्या रायडिंगपुढे जो टक्का दिसतो, तो तुमच्या गल्लीत फिरून काढलेला नसतो. प्रांतातल्या चाचण्या, जुने निकाल आणि लोकसंख्येचा पोत यांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा खासदार पंधरा वर्षं लोकांच्या घरी उठबस करत असेल, तर ते त्या गणितात पुरतं उतरत नाही.

आणि अंगणातल्या पाट्या? रस्त्याकडेच्या सरकारी पट्ट्यावर रोवलेल्या पाट्यांना काही किंमत नाही, त्या कुणीही रोवतं. माणसाच्या स्वतःच्या हिरवळीवरची पाटी मोजा. मागच्या वेळी लाल (लिबरल) पाटी होती तिथे या वेळी निळी (कॉन्झर्व्हेटिव्ह) दिसली, तर तीही मोजा.

६. टीव्हीवर रोज देशाचे आकडे येतात. त्यावरून ठरवलं तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं. दोन जागा सांगतो, म्हणजे पटेल.

ओंटारियोतलं किचनर सेंटर. २०२१ पासून तिथे ग्रीन पक्षाचे माइक मॉरिस खासदार होते. ग्रीन पक्षाचे देशात मोजून दोन खासदार, त्यातले हे एक. तिथे कॉन्झर्व्हेटिव्हला अडवायचं तर मत मॉरिसना, हे सरळ होतं. पण २०२५ चं वारं असं, की 'ट्रम्पला तोंड द्यायला कार्नी' आणि 'कॉन्झर्व्हेटिव्ह नको तर लिबरल' हे समीकरण घराघरांत जाऊन बसलं. निकालात कॉन्झर्व्हेटिव्ह पहिला, मॉरिस चारशेहून कमी मतांनी दुसरे, लिबरल तिसरा. विजेत्याला मतं साधारण ३४ टक्के. तिसऱ्या क्रमांकाला गेलेल्या मतांत मनापासूनची लिबरल मतं पुष्कळ असणार, ती त्यांचा हक्कच. पण ज्यांनी हिशेब म्हणून लिबरलला दिलं, त्यांनी नेमका नको असलेलाच निवडून आणला.

दुसरी जागा व्हँकुव्हर बेटावरची नानायमो–लेडीस्मिथ. तिथे एनडीपीची विद्यमान खासदार, ग्रीनचा माजी खासदार आणि देशभरच्या लाटेवर आलेली लिबरल उमेदवार. 'आम्हीच कॉन्झर्व्हेटिव्हला हरवू शकतो' असं तिघांचंही म्हणणं, आणि तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार ३५ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन आली. उरलेली जवळजवळ दोनतृतीयांश मतं तीन घरांत वाटली गेली.

माझं म्हणणं एवढंच, की हिशेबाचं मत वाईट नाही, पण हिशेब बरोबर हवा. तो देशाचा नाही, तुमच्या रायडिंगचा. बेरीज चुकणार असेल तर मनाचंच मत द्या. हरलात तरी निदान आपलं म्हणून हरता.

७. म्हणजे थोडक्यात लिबरलला मत, असंच ना?

ओंटारियोत बरेच जण हाच अर्थ काढतात, पण तो खरा नाही. एडमंटन स्ट्रॅथकोनात कॉन्झर्व्हेटिव्हला अडवणारं मत एनडीपीला जातं. हेदर मॅकफर्सन २०२५ च्या पडझडीतही तिथे टिकल्या. क्यूबेकमध्ये कितीतरी ठिकाणी लढत ब्लॉक केबेक्वा (क्यूबेकपुरता प्रादेशिक पक्ष) आणि लिबरल यांच्यात असते, कॉन्झर्व्हेटिव्ह तिथे चित्रात नसतो.

उजवीकडच्यांनाही हा पेच सुटलेला नाही. नव्वदीच्या दशकात त्यांची मतं रिफॉर्म आणि प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह अशा दोन पक्षांत फुटली होती. १९९७ ला क्रेतियां यांच्या लिबरल पक्षाने ओंटारियोतल्या १०३ पैकी १०१ जागा घेतल्या. शेवटी २००३ मध्ये दोन्ही पक्ष एक झाले. मतदारांना तीन निवडणुका जे जमलं नाही ते पुढाऱ्यांनी एका सहीने केलं. २०२१ ला आणखी उजवीकडच्या पीपल्स पार्टीने पाच टक्क्यांच्या आसपास मतं घेतली, तेव्हा तीच कुरकुर पुन्हा ऐकू आली.

८. हे आजवर कधी जमलंय तरी का?

जमलंय. सगळ्यात चोख उदाहरण २००८ चं न्यूफाउंडलंड. गंमत म्हणजे मोहीम चालवणारा विरोधक नव्हताच. प्रांताचे प्रीमियर (आपल्याकडचे मुख्यमंत्री) डॅनी विल्यम्स स्वतः प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह. तेलाच्या पैशाच्या वाटणीवरून देशाचे कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्याशी बिनसलं आणि त्यांनी 'कॉन्झर्व्हेटिव्ह सोडून कुणीही' अशी हाळी दिली. प्रांतातल्या सातही जागांवर कॉन्झर्व्हेटिव्ह पडले. सहा लिबरल, एक एनडीपी. तिथे हाळी देणारा एकच होता, जागा सात होत्या आणि प्रत्येक ठिकाणी दुसरा कोण हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते जमलं. तरी हार्पर यांचं सरकार आलंच, हेही लक्षात ठेवा.

न जमल्याचं उदाहरण २००६ चं. वाहन कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष बझ हारग्रोव्ह हे एनडीपीचे जुने माणूस. त्यांनी लिबरल पंतप्रधान पॉल मार्टिन यांना भर सभेत मिठी मारली, त्यांच्या अंगावर संघटनेचं जाकीट घातलं आणि कामगारांना हिशेबाने मत द्यायला सांगितलं. मार्टिन हरले, एनडीपीच्या जागा १९ वरून २९ झाल्या आणि पुढे पक्षाने हारग्रोव्ह यांचं सदस्यत्व काढून घेतलं. त्याच निवडणुकीत एनडीपीचे नेते जॅक लेटन उलट लिबरल मतदारांना 'या खेपेला मत आम्हाला उसनं द्या' म्हणत होते. उसनवारी दोन्हीकडून चालते.

९. हिशेबाच्या मताने छोटे पक्ष मरत नाहीत का? एनडीपीचं काय झालं बघा.

ही भीती खोटी नाही. २०२१ ला एनडीपीला १७.८ टक्के मतं आणि २५ जागा. २०२५ ला ६.३ टक्के आणि ७ जागा. संसदेत अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळायला १२ लागतात. ती गेली की प्रश्नोत्तराच्या तासातला वेळ आणि संशोधनाचा निधी गेला, समित्यांवरची जागाही गेली.

मतांचा पैशाशीही संबंध आहे. रायडिंगमध्ये १० टक्के मतं मिळवणाऱ्या उमेदवाराला निवडणूक खर्चाचा ६० टक्के भाग सरकारकडून परत मिळतो. २०२५ ला एनडीपीच्या बहुतेक उमेदवारांना ते १० टक्के गाठता आले नाहीत. म्हणजे पुढच्या निवडणुकीला तिथे पाट्या छापायलाही पैसे उरत नाहीत, मग उमेदवार आणखी मागे पडतो आणि लोक म्हणतात, 'याला मत देऊन काय उपयोग?'

सगळं खापर हिशेबी मतांवर फोडणंही बरोबर नाही. लंडन–फॅनशॉ आणि विंडसर वेस्ट या एनडीपीच्या जुन्या कामगारवस्तीच्या जागा कॉन्झर्व्हेटिव्हकडे गेल्या. काही मतं लिबरलकडे सरकली असतील, पण काही कामगार मतं सरळ निळ्या कॉन्झर्व्हेटिव्हकडेही गेली. त्यांनी कसला हिशेब केला नव्हता, त्यांचं मनच बदललं होतं.

१०. माझी रायडिंग एकाच पक्षाची आहे, तिथे दगड उभा केला तरी येतो. मी काय करू?

मनाचं मत द्या. इथे हिशेबाने काहीच साधत नाही आणि मनाच्या मताने थोडं तरी साधतं (प्रश्न ९ मधले १० टक्के, प्रश्न ११ मधला वजनाचा मुद्दा). देशात अशा रायडिंग पुष्कळ आहेत, आणि तिथले लोकही रात्र रात्र हिशेब करत बसतात याची मला मौज वाटते.

११. पण हरणाऱ्याला दिलेलं मत वायाच ना?

'वाया' म्हणजे काय, यावर ते आहे. खासदार निवडणं एवढंच मताचं काम मानलं, तर पडलेल्या सगळ्यांची मतं वाया. मग जिंकणाऱ्याची वरची हजारो मतंही वायाच, ती नसती तरी तो आलाच असता. असं कुणी म्हणत नाही.

छोट्या पक्षाच्या मतांना वजन येतं ते सरकारकडे बहुमत नसतं तेव्हा. मार्च २०२२ ते सप्टेंबर २०२४ एनडीपीने ट्रूडो सरकारला संसदेत पाठिंबा दिला आणि त्या बदल्यात दातांच्या उपचारांची सरकारी योजना पदरात पाडून घेतली. आज एखाद्या घरच्या आजोबांची कवळी त्या योजनेतून होते, तिच्यामागे २०२१ ला 'वाया' गेलेली मतं आहेत.

आणि हो, इथे कुणाचं डिपॉझिट जप्त होत नाही. उमेदवाराची हजार डॉलरची अनामत न्यायालयाच्या निकालानंतर २०१७ पासून बंद झाली.

१२. माझ्या एका मताने असा काय फरक पडणार?

बहुतेक वेळा काहीच नाही. पण २०२५ च्या फेरमोजणीनंतरची अंतरं बघा: मिल्टन ईस्ट–हॉल्टन हिल्स साउथ २१ मतं. न्यूफाउंडलंडमधली टेरा नोव्हा–द पेनिन्सुलाज १२. विंडसर–टेकुमसे–लेकशोर ४.

क्यूबेकमधल्या तेरबॉनमध्ये तर लिबरल उमेदवार ब्लॉकवर एका मताने आली. मग कळलं, की ब्लॉकच्या एका मतदार बाईंनी टपालाने पाठवलेलं मत त्यांच्याकडे परत आलंय, कारण पाकिटावर छापलेला पोस्टल कोडच चुकीचा होता. प्रकरण कोर्टात गेलं. एका पाकिटाची किंमत!

मिल्टनच्या त्या २१ मतांनंतर आमच्या एका ग्रुपवर दोन दिवस सन्नाटा होता. 'पाऊस होता म्हणून नाही गेलो' म्हणणारे तिथे एकवीसपेक्षा जास्त होते.

१३. यजमान एका पक्षाचे, मी दुसऱ्या. ते म्हणतात, 'दोघांची मतं एकमेकांना कापतात, मग जायचंच कशाला? घरी बसू.' खरं आहे का?

गणित बरोबर आहे, भरवसा तुमचा तुम्ही ठरवा. मला माहीत असलेल्या एका घरात असा करार झाला होता. संध्याकाळी दोघंही 'जरा दूध आणायला' म्हणून वेगवेगळे बाहेर पडले आणि शाळेच्या जिममध्ये रांगेत भेटले.

१४. मतांची अदलाबदल कायदेशीर आहे का? 'तू तिकडे माझ्या पक्षाला दे, मी इकडे तुझ्या पक्षाला देतो' असं?

दोन माणसांनी आपसांत असं ठरवणं बेकायदा नाही. पैसा, वस्तू किंवा कुठलाही लाभ त्यात आला, तर ती मतांची खरेदी झाली आणि तो गुन्हा आहे. समोरच्याने शब्द पाळला का, हे तपासायची सोय मात्र नाही. मत गुप्त आहे, आणि 'फोटो पाठव' म्हणायचीही सोय नाही, कारण खूण केलेल्या मतपत्रिकेचा फोटो काढणं कायद्याने मना आहे. हे बोटाला शाई लावून काढलेल्या सेल्फीसारखं समजू नका. शाई इथे लावतच नाहीत, हा भाग वेगळा. सख्ख्या भावाबरोबर अदलाबदल करा, अनोळखी माणसाबरोबर मी तरी करणार नाही.

१५. कुणीच पसंत नाही. इथे नोटा आहे का?

भारतात २०१३ पासून आहे तसा पर्याय इथे केंद्राच्या निवडणुकीत नाही. कोरा टाकलात किंवा सगळ्यांवर खुणा केल्यात तर कागद बाद मतांत जातो. तुम्ही रागाने बाद केला की हात थरथरला म्हणून झाला, हे कुणाला कळत नाही. ओंटारियोच्या प्रांतिक निवडणुकीत मतपत्रिका जाहीरपणे नाकारता येते आणि तिची वेगळी नोंद होते. दोन निवडणुकांचे नियम एकत्र करू नका. असा घोळ दर वेळी होतो.

१६. आगाऊ मतदान करून टाकू की शेवटच्या दिवसापर्यंत थांबू?

मनाचं मत असेल तर आगाऊ करून मोकळे व्हा. २०२५ ला ईस्टरच्या चार दिवसांत सुमारे ७३ लाख लोकांनी तसं केलं. हिशेबाचं असेल तर थांबण्यात अर्थ आहे, कारण टाकलेलं मत परत घेता येत नाही आणि वारं शेवटच्या आठवड्यातही फिरतं. जानेवारी २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह वीसहून अधिक टक्क्यांनी पुढे होते, एप्रिलमध्ये हरले. मतदानाच्या दिवशी नव्या चाचण्या प्रसिद्ध करायला बंदी असते, त्यामुळे आदल्या रात्रीचे आकडे ते शेवटचे. कामाचं कारण सांगू नका. मतदानाच्या वेळेत तुम्हाला सलग तीन तास मोकळे मिळतील अशी सोय पगार न कापता करणं मालकावर बंधनकारक आहे. ते तीन तास कुठले, हे मात्र तो ठरवतो.

१७. मी आता पुण्यात असतो, पासपोर्ट कॅनडाचा आहे. मी हिशेबाचं मत देऊ शकतो का?

मत देऊ शकता. परदेशात पाच वर्षं झाली की मत जायचं ती अट आता राहिलेली नाही. कॅनडात शेवटी जिथे राहत होता त्या रायडिंगमध्ये तुमचं मत मोजलं जातं. पण टपालाच्या मतपत्रिकेवर नावं छापलेली नसतात. उमेदवाराचं नाव तुम्ही स्वतः लिहायचं. आणि मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत ते पाकीट ओटावात पोचलं पाहिजे. पुण्याहून कागद निघायचा तेव्हा प्रचार जेमतेम तापलेला असतो. त्या वेळी केलेला हिशेब शिळा होणारच, म्हणून तुमच्यासारख्यांना मी मनाचंच मत सुचवतो.

१८. मी व्हँकुव्हरला आहे. तोवर पूर्वेचे निकाल लागतात म्हणे. ते बघून संध्याकाळी मत द्यायला जाऊ का?

२०१५ च्या निवडणुकीपासून निकाल सांगण्यावरची बंदी उठली आहे. न्यूफाउंडलंडची मतदान केंद्रं तुमच्या घड्याळात दुपारी चारला बंद होतात, तिथले आकडे तुम्हाला दिसतील. पण अटलांटिकच्या चार प्रांतांत मिळून जागा ३२. ओंटारियो-क्यूबेकची केंद्रं बंद होतात तुमच्या साडेसहाला आणि तुमचं केंद्र सातला. अर्ध्या तासात मोजणीतून काही कळत नाही. शिवाय प्रश्न ६ आहेच: हॅलिफॅक्समध्ये काय झालं यावरून बर्नबीत दुसरा कोण हे समजत नाही.

१९. पक्ष नको, पण उमेदवार बाई फार चांगल्या आहेत. व्यक्ती बघून दिलं तर?

देऊ शकता, पण एक लक्षात ठेवा. इथे खासदार पक्षाच्या आदेशाबाहेर क्वचितच मत देतो, पण पक्ष सोडून गेला तर त्याची जागा जात नाही. आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोव्हा स्कोशियाचे कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार क्रिस द'आंत्रमाँ सरळ लिबरल बाकांवर जाऊन बसले. ज्यांनी त्यांना पक्ष बघून मत दिलं होतं ते चिडले, आणि ज्यांनी माणूस बघून दिलं होतं त्यांचा खासदार तोच राहिला.

२०. हा हिशेब मतदारांनीच का करायचा? पक्षांनी आपसांत जागा वाटून घ्याव्यात.

आघाडी आणि जागावाटपाची आपल्याला इतकी सवय, की हा प्रश्न हमखास येतो. कॅनडात निवडणुकीआधीची आघाडी जवळजवळ होतच नाही. २०२५ ला ग्रीन पक्षाने कॉन्झर्व्हेटिव्हला फायदा होऊ नये म्हणून काही ठिकाणी उमेदवार दिले नाहीत. नेत्यांच्या जाहीर वादविवादात जागा मिळवण्याच्या अटींपैकी एक म्हणजे ९० टक्के रायडिंगमध्ये उमेदवार. ते कमी पडले म्हणून वादविवाद आयोगाने वादविवादाच्या दिवशीच त्यांना वगळलं. मतदाराने शहाणपण केलं तर ते गुपचूप राहतं, पक्षाने केलं तर त्याची किंमत द्यावी लागते.

२१. मग पद्धतच का बदलत नाहीत?

बदलू म्हणाले होते. २०१५ ची निवडणूक या पद्धतीची शेवटची, असं जस्टिन ट्रूडो यांचं वचन होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. त्याआधी २००५ ला ब्रिटिश कोलंबियात ५७.७ टक्के लोकांनी पसंतीक्रमाच्या नव्या पद्धतीला कौल दिला होता, पण अट ६० टक्क्यांची होती. २०१८ ला तिथेच पुन्हा विचारलं तर लोकांनी जुनीच ठेवली. जो या पद्धतीने जिंकून येतो, ती बदलणं त्याच्याच हातात असतं. यापुढे काय सांगू?

२२. हिशेबाने मत देणं म्हणजे स्वतःशीच बेइमानी नाही का?

मला नाही वाटत. दुसऱ्या पसंतीचा माणूसही पसंतीचाच असतो. बेइमानी तेव्हा, जेव्हा हिशेबाचं नाव सांगून आपण मेहुण्याचं ऐकतो. माझी कसोटी अशी: माझा आवडता नक्की तिसरा किंवा त्याखाली आहे, पहिल्या-दुसऱ्यात अंतर थोडं आहे, आणि त्या दोघांत मला खरोखरच फरक वाटतो, असं असेल तरच मी हिशेबाने देतो. यातलं एक जरी नसेल तर मनाचं. या कसोटीवर मी आजवर एकदाच हिशेबाने मत दिलंय. कुणाला, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

२३. पडद्यामागे गेल्यावर मन बदललं आणि खूण आधीच झाली असेल तर?

खोडाखोड करू नका, मत बाद होईल. कागद पेटीत पडायच्या आत टेबलावरच्या माणसाला परत द्या आणि 'चूक झाली' म्हणा. तो ती मतपत्रिका रद्द म्हणून बाजूला ठेवतो आणि दुसरी देतो. कुणाला खूण केली होती हे तो विचारत नाही, दाखवूही नका. दुसरी संधी एकदाच मिळते. पेन्सिल तिथे असते, स्वतःचं पेन चालतं. गोलात एक खूण, घडी घातली तशीच परत घाला. टेबलावरचा माणूस कडेची पट्टी फाडून कागद तुम्हाला परत देतो, पेटीत तो तुम्हीच टाकायचा.

बरेच जण पट्टी फाडली की काम झालं समजून कागद खिशात घालून निघतात. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका काकांना दारातून परत बोलावलं होतं.